टोला, संकेत, रूपक : ‘नेल’ या शब्दाची कुळकथा

मृत्यूची वार्ता गावाला कळवण्यासाठी किंवा अंत्ययात्रेच्या वेळी चर्चच्या मनोऱ्यातील घंटेवर संथपणे, दोन टोल्यांत बरेच अंतर राखून जो नाद केला जातो, त्याला इंग्रजीत ‘नेल’ म्हणतात. आज हा शब्द बहुतेकांना भेटतो तो वर्तमानपत्रांत, आणि तोही रूपक म्हणून : एखादा उद्योग, एखादी प्रथा किंवा एखादे सरकार डळमळू लागले की त्याची मृत्युघंटा वाजली असे लिहिले जाते. परंतु ज्या काळात हा शब्द रोजच्या व्यवहारातला होता, त्या काळात त्यात रूपक काहीच नव्हते. गेलेली व्यक्ती पुरुष की स्त्री, वय किती, हे त्या टोल्यांवरून शेतात काम करणाऱ्यालाही मोजता येत असे, आणि म्हणून ‘नेल’चा इतिहास शोकविधींच्या इतिहासापेक्षाही वार्ता पोहोचवण्याच्या साधनांच्या इतिहासात अधिक नीट बसतो.

शब्दाचे मूळ मृत्यूत नसून मारात आहे. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे साधारणपणे अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या भाषेत, ‘क्न्युल’ हे नाम आणि ‘क्न्युल्लन’ हे क्रियापद आढळते. क्रियापदाचा अर्थ ठोकणे, आघात करणे, घंटा वाजवणे असा होता. स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेत त्याचेच भावंड बडवणे, झोडपणे या अर्थाने वापरले जाई, तर आजच्या जर्मन आणि डच भाषांत ‘क्नाल’ म्हणजे मोठा धडाका. ही सारी शब्दसंतती आवाजाची नक्कल करता करताच जन्मली असावी, असे भाषाभ्यासक मानतात. मराठी वाचकाला हा अर्थप्रवास परका वाटू नये, कारण विटीदांडूत विटीला हाणतात तो टोला आणि घड्याळात बाराचे पडतात तेही टोलेच. आघाताचे नाव आघातातून निघणाऱ्या नादाला मिळावे, ही घडामोड दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे झालेली आहे. आरंभीच्या वापरात या शब्दावर शोकाची छाया नव्हती. मठात प्रार्थनेची वेळ झाल्याची खूण करणारा ठोकाही ‘क्न्युल’च होता, आणि तो केवळ मृत्यूशी बांधला गेला तो पुढच्या काही शतकांत, हळूहळू.

शब्दाचे रूप कसे बदलले हेही पाहण्याजोगे आहे. प्राचीन इंग्रजीतील ओठ गोल करून उच्चारला जाणारा, ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला स्वर पुढे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वाटांनी गेला. मध्य आणि उत्तर इंग्लंडमध्ये त्याचा ‘इ’ झाला, आग्नेयेकडील केंट परगण्यात ‘ए’. टेकडीला ‘हिल’ म्हणतात ते पहिल्या वाटेने, आणि त्याच न्यायाने या शब्दाचे प्रमाण रूप ‘निल’ असे व्हायला हवे होते. केंटकडचे ‘नेल’ रूढ झाले याचे एक कारण ‘बेल’ या सोयरीक असलेल्या शब्दाचे आकर्षण हे असावे. आरंभीचा ‘क’ सतराव्या शतकाच्या सुमारास गुडघा, सुरी आणि जाणणे या अर्थांच्या इंग्रजी शब्दांतील ‘क’बरोबरच उच्चारातून गळाला, पण लेखनात राहिला. ‘नोल’ हे याच शब्दाचे दुसरे रूप शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये चर्चला बोलावणाऱ्या घंटेसाठी येते, म्हणजे एका भावंडाच्या वाट्याला शोक आला तेव्हा दुसरे अजून साध्या बोलावण्याचे काम करत होते.

‘नेल’च्या सोबतीने नेहमी येणारा ‘टोल’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘टोलेन’ म्हणजे ओढणे. घंटेचा दोर हळूहळू ओढून एकेक ठोका पाडणे, या क्रियेवरून तो संथ घंटानादाचा वाचक झाला. महामार्गावर भरावा लागतो तो टोल याहून निराळा, त्याचे मूळ ग्रीक भाषेतील जकातघराच्या नावापर्यंत नेता येते. आणि अपघातातील मृतांच्या संख्येला इंग्रजीत ‘डेथ टोल’ म्हणतात तेव्हा त्यातला ‘टोल’ घंटेचा नसून जकातीचाच असतो, मृत्यूने वसूल केलेली पट्टी अशा अर्थाचा. मराठीतील ‘टोला’ आणि हा घंटेचा ‘टोल’ यांचे उच्चारसाम्य कितीही मोहक असले, तरी त्यावरून त्यांचे नाते जुळवण्याचे कारण नाही.

युरोपातील इतर भाषांनी याच नादाला नाव देताना त्याच्या वेगवेगळ्या अंगांकडे पाहिले. फ्रेंच भाषेतील ‘ग्ला’ हा शब्द लॅटिन ‘क्लासिकुम’पासून आला आहे, आणि ‘क्लासिकुम’ म्हणजे रोमन लोकांना एकत्र बोलावण्यासाठी फुंकलेल्या रणशिंगाचा इशारा. स्पॅनिशमध्ये मृतासाठी घंटा ‘दुमडतात’, म्हणजे त्या क्रियापदाचा मूळ अर्थ दुप्पट करणे किंवा दुमडणे असा आहे. ऑस्ट्रियात माणूस अखेरचे श्वास घेत असताना वाजवायच्या लहान घंटेलाच वेगळे नाव आहे. पोर्तुगीजमध्ये घंटेचे साधे नाव ‘सीनु’, आणि ते लॅटिन ‘सिग्नुम’ म्हणजे खूण किंवा संकेत या शब्दाचा वंशज आहे. इंग्रजीने हात पाहिला, फ्रेंच आणि पोर्तुगीज यांनी निरोप पाहिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर नावापेक्षा वाजवण्याची रीतच बोलकी आहे : सर्वांत लहान घंटेपासून सर्वांत मोठ्या घंटेपर्यंत एकेक ठोका क्रमाने दिला जातो आणि शेवटी सगळ्या घंटा एकदम वाजतात. हा क्रम म्हणजे माणसाच्या वाढत्या वयाचा आणि त्याच्या अंताचा आलेख, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

मृत्यूच्या वेळी धातू वाजवण्याची चाल ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. स्पार्टाचा राजा मरण पावला की स्त्रिया कढई बडवत नगरभर फिरत आणि त्या आवाजावरून घरोघरी सुतक सुरू होई, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवले आहे. इंग्लंडपुरता सर्वांत जुना महत्त्वाचा उल्लेख बीड या मठवासी इतिहासकाराचा असून, इ. स. ७३१ मध्ये पुऱ्या झालेल्या आपल्या ग्रंथात तो व्हिटबी येथील मठाची प्रमुख हिल्डा हिच्या ६८० मधील मृत्यूची हकिकत देतो : काही मैलांवरील हॅकनेस येथे झोपलेल्या बेगू नावाच्या जोगिणीला, आपल्यापैकी कुणी जग सोडून गेल्यावर प्रार्थनेसाठी वाजवली जाणारी परिचित घंटा ऐकू आली. प्रसंग चमत्काराचा आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातला ‘परिचित’ हा तपशील चमत्काराहून मोलाचा, कारण अशी घंटा वाजवणे सातव्या शतकातच नित्याचे झाले होते हे त्यावरून कळते. चारशे वर्षांनंतर, नॉर्मन आक्रमणाची कथा सांगणाऱ्या बायो येथील भरतकामाच्या प्रदीर्घ पटावर एडवर्ड राजाची अंत्ययात्रा दाखवली आहे, आणि तिरडीच्या बाजूला दोन लहानशा आकृती हातात घंटा घेऊन चालताना दिसतात. प्रेतापुढे वाजवत न्यायची ही हातघंटा मनोऱ्यातील घंटेहून वेगळी. तिचे काम वाट मोकळी करणे आणि लोकांना प्रार्थनेची आठवण देणे हे होते.

घंटा का वाजवायची, याचे शास्त्र तेराव्या शतकात गियोम द्युरां या फ्रेंच धर्मशास्त्र्याने मांडले. कुणी मृत्युपंथाला लागले की घंटा वाजवावी, म्हणजे लोक त्याच्यासाठी प्रार्थना करतील. स्त्रीसाठी दोनदा आणि पुरुषासाठी तीनदा वाजवावी, असे तो सांगतो आणि घंटेच्या नादाला दुष्ट शक्ती घाबरतात हेही जोडतो. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज संग्राहकाने या दुसऱ्या कारणाला मजेदार वळण दिले : मोठ्या घंटेचा आवाज लांबवर जातो, त्यामुळे भुतेखेते तितकी दूर राहतात आणि आत्म्याला पुढे निघायला जास्त अवसर मिळतो, म्हणूनच मोठी घंटा वाजवण्याची फी जास्त असे त्याचे स्पष्टीकरण. लोकप्रिय पुस्तकांनी भुतांची ही कथा फार उचलून धरली आहे. चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या पाहिल्या तर मोठ्या घंटेला जास्त पैसे पडण्याचे कारण अधिक लौकिक वाटते, कारण मोठी घंटा वाजवायला जास्त श्रम लागत आणि तिच्यामुळे गेलेल्या माणसाची प्रतिष्ठाही तितक्याच दूरवर ऐकू जाई.

द्युरांने सांगितलेला स्त्री-पुरुषांचा भेद इंग्लंडच्या खेड्यांत पूर्ण सांकेतिक लिपी बनला. अनेक गावांत पुरुषासाठी तीन-तीनचे तीन गट, स्त्रीसाठी दोन-दोनचे तीन आणि मुलासाठी एकेक असे तीन टोले देत आणि त्यानंतर वयाइतके टोले पडत. इतर गावांत गणित थोडे वेगळे असे, पण तत्त्व तेच. ओळख पटवणाऱ्या या टोल्यांना ‘टेलर’ म्हणजे सांगणारे किंवा मोजणारे म्हणत, आणि त्याचा शिंप्याच्या इंग्रजी नावाशी घोटाळा होऊन ‘नऊ शिंपी’ असा शब्दप्रयोग तयार झाला, ज्यावरून डोरोथी सेयर्स या लेखिकेने घंटावादकांच्या गावात घडणाऱ्या १९३४ मधील आपल्या रहस्यकादंबरीचे नाव घेतले. नऊ शिंपी मिळून एक माणूस होतो ही इंग्रजी म्हणही याच टोल्यांतून निघाली, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते पटण्यासारखे नाही. शिंप्यांच्या कृश अंगकाठीची थट्टा करणाऱ्या बोलण्यातच तिचे मूळ असण्याचा संभव जास्त आहे. साठसत्तर घरांच्या गावात कोण आजारी आहे हे सर्वांना ठाऊक असे, त्यामुळे लिंग आणि वय कळले की नाव सांगण्याची गरज उरत नसे. यॉर्कशरमधील ड्यूजबरी येथे तर हा विधी सैतानालाही लागू केला आहे : ख्रिस्त जन्मला तेव्हा सैतान मेला अशी समजूत असल्याने नाताळच्या आदल्या रात्री ख्रिस्तजन्मापासून जितकी वर्षे झाली तितके टोले तेथील ‘ब्लॅक टॉम’ घंटेवर देतात आणि शेवटचा टोला बरोबर मध्यरात्री पडेल असा हिशेब ठेवतात. दोन हजारांहून अधिक टोले न चुकता मोजणे हेच आता अवघड काम होऊन बसले आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या प्रथेपुढे पेच उभा केला. मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणे सुधारकांना अमान्य होते, आणि प्रार्थनेसाठी बोलावणारी घंटा त्यामुळे संशयास्पद ठरली. पण लोकांची सवय मोडणे सोपे नव्हते. इंग्लंडच्या चर्चने १६०४ मध्ये केलेल्या नियमावलीतील ६७ वा नियम ही तडजोड आहे : माणूस प्राण सोडत असताना एक घंटा संथ वाजवावी आणि धर्मगुरूने आपले कर्तव्य चुकवू नये, मृत्यूनंतर एकच छोटा घंटानाद करावा, दफनापूर्वी एक आणि नंतर एक. जिवंत माणसासाठी प्रार्थना करण्यास कुणाचीच हरकत नसल्याने मृत्यूच्या आधीची घंटा निर्वेध राहिली. तिला ‘पासिंग बेल’ म्हणजे प्रयाणघंटा म्हणत, आणि काटेकोर अर्थाने ‘नेल’ म्हणजे तिच्यानंतरची, मृत्यू घडून गेल्याचे सांगणारी घंटा.

हा भेद विसरल्यामुळे इंग्रजी साहित्यातील एक अतिप्रसिद्ध स्थळ आज अर्धेच वाचले जाते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन असलेले कवी जॉन डन १६२३ च्या अखेरीस गंभीर आजारी पडले आणि बिछान्यातून त्यांनी लिहिलेली चिंतने १६२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सोळावे, सतरावे आणि अठरावे चिंतन घंटेवर आहे : सोळाव्यात शेजारच्या चर्चमधील इतरांच्या अंत्यविधींच्या घंटा ऐकू येतात, सतराव्यात संथ टोले पडतात आणि अठराव्यात घंटा पूर्ण वाजते. सतराव्या चिंतनातील शब्द अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९४० मधील ‘फॉर हूम द बेल टोल्स’ या कादंबरीच्या नावासाठी घेतल्यापासून ती घंटा मेलेल्या माणसाची आहे असे सर्रास समजले जाते. परंतु डन यांच्या वाचकाला क्रम माहीत होता. सतराव्या चिंतनातील माणूस अजून मरतो आहे, ती घंटा आपल्यासाठी आहे हे न कळण्याइतका तो आजारी असेल, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्या दुसऱ्या आजारी माणसाच्या मनात ही घंटा आपलीच तर नाही ना, हा प्रश्न उभा राहू शकतो. तो माणूस मरतो ते अठराव्या चिंतनात.

याच लंडनमध्ये मृत्युघंटेने एका नव्या शास्त्राला हातभार लावला. सतराव्या शतकात शहरातील प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीत, ‘शोधक’ नावाच्या शपथबद्ध वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत. कुणी मेले की घंटेच्या टोल्यांवरून, किंवा चर्चच्या सेवकाला कबर खणायला सांगितले गेल्यावरून, त्यांना बातमी लागे. मग त्या घरी जाऊन प्रेत पाहत, मृत्यूचे कारण ठरवत आणि पॅरिशच्या कारकुनाला कळवत. मंगळवारी रात्री सर्व कारकुनांचे आकडे एकत्र होत, बुधवारी त्यांचा गोषवारा तयार होऊन छापला जाई आणि गुरुवारी तो वर्षाला चार शिलिंग वर्गणी भरणाऱ्या घरांत वाटला जाई. प्लेगच्या साथीत शहर सोडावे की थांबावे, याचा निर्णय पैसेवाले लोक या पत्रकांवरून घेत. वाटपाची ही सारी साखळी जॉन ग्राँट या कापडचोपडाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये लिहून ठेवली, आणि साठलेल्या पत्रकांतील आकडे मांडून कोणत्या वयात किती माणसे मरतात, मुलगे जास्त जन्मतात की मुली, असे प्रश्न त्याने प्रथमच पद्धतशीरपणे विचारले. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ या ग्रंथापासून मानतात; त्यातील कित्येक आकड्यांचा प्रवास कुठल्या तरी मनोऱ्यातील टोल्यांपासून सुरू झालेला होता. शोधक स्त्रियांच्या निदानावर ग्राँटचा पूर्ण विश्वास नव्हता, कारण लाचेने किंवा दारूच्या पेल्याने ते बदलता येई, हे तो जाणून होता.

त्याच शहरात घंटा शिक्षेचाही भाग होती. न्यूगेट तुरुंगासमोरील सेंट सेपल्कर चर्चला रॉबर्ट डाऊ नावाच्या व्यापाऱ्याने १६०५ मध्ये ५० पौंड दिले ते अशासाठी, की फाशीच्या आदल्या मध्यरात्री कैद्याच्या कोठडीबाहेर हातघंटा वाजवून त्याला पश्चात्तापाची आठवण द्यावी आणि सकाळी चर्चची मोठी घंटा वाजवावी. देणगीदाराचा हेतू धार्मिक होता यात शंका नाही. कोठडीतल्या माणसाच्या अखेरच्या झोपेचे काय, याचा विचार मात्र त्या दानपत्रात दिसत नाही. ती हातघंटा आजही चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेली आहे.

घंटेचा आवाज शोकाचा करण्याची इंग्रजी युक्ती साधी आहे. घंटेच्या आतील लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक ठोका मोकळा पडतो आणि पुढचा त्याच्या प्रतिध्वनीसारखा दबका. दोन्ही बाजूंना गादी बांधून सर्वच आवाज दबका करण्याचा मान राजा किंवा राणी आणि काही धर्माधिकारी यांच्यापुरताच राखलेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या निधनानंतर देशभरातील मनोऱ्यांना या गाद्या एकदम हव्या झाल्या, आणि अंत्यविधीच्या दिवशी, १९ सप्टेंबरला, त्यांच्या वयाच्या प्रत्येक वर्षासाठी मिनिटाला एक याप्रमाणे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या घंटेवर ९६ टोले देण्यात आले. वयाइतके टोले देण्याची जी रीत पूर्वी कुठल्याही शेतमजुराच्या वाट्याला येत असे, ती आता राजघराण्याच्या प्रसंगी दूरचित्रवाणीवर समजावून सांगावी लागली.

पश्चिम भारतात ही प्रथा पोर्तुगिजांबरोबर आली. गोव्यातील आणि वसईकडील ख्रिस्ती गावांत कुणाचे निधन झाल्यावर चर्चची घंटा संथ लयीत वाजते आणि शेजारपाजारची माणसे काम टाकून चौकशीला निघतात, म्हणजे वार्ता पोहोचवण्याचे तिचे मूळ काम येथे अद्याप सुटलेले नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमधील ‘सोन्याची घंटा’ सतराव्या शतकाच्या मध्यास कुंकळ्ळी येथे ओतली गेली, आणि धर्मन्यायालयाच्या शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभांशी तिचे नाव जोडले जाते. वसईच्या घंटांचे नशीब वेगळे निघाले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराचे देऊळ ही त्यांची परिचित ठिकाणे. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि तिच्या आवाजाने मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची मराठीला सोय करून दिली. मृतांसाठी संथ वाजवण्याचे काम जाऊन त्यांच्या वाट्याला देवापुढचा मोकळा नाद आला, आणि संकेताची लिपी त्या मनोऱ्यांतच राहिली.

इंग्लंडमध्ये ही लिपी टप्प्याटप्प्याने निरुपयोगी होत गेली. मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, स्थानिक वर्तमानपत्रे निधनवार्ता छापू लागली, शहरे इतकी वाढली की वय आणि लिंग कळूनही गेलेला माणूस कोण हे ओळखणे अशक्य झाले. दुसऱ्या महायुद्धात जून १९४० पासून चर्चच्या घंटांवर बंदी आली, कारण शत्रूचे सैन्य उतरल्याचा इशारा देण्यासाठीच त्या राखून ठेवायच्या होत्या. एल अलामेनच्या विजयानिमित्त नोव्हेंबर १९४२ मध्ये त्या तात्पुरत्या वाजल्या आणि पुढच्या वर्षी बंदी उठली. तोवर अनेक गावांत टोले मोजणारी पिढी मागे पडली होती आणि मृत्युघंटा बरीचशी अंत्यविधीच्या दिवसापुरती उरली.

मनोऱ्यातून उतरलेला शब्द याच काळात छापील मजकुरात अधिकाधिक दिसू लागला. ‘मृत्यू’ जोडून केलेला ‘डेथ नेल’ हा समास एकोणिसाव्या शतकापासून लाक्षणिक अर्थाने रुळला, आणि त्याच धर्तीवर मराठी वर्तमानपत्रांतील ‘मृत्युघंटा’ घडली. गिरण्या, लघुउद्योग, मराठी शाळा अशा कशाचीही मृत्युघंटा वाजल्याचे लिहिले जाते तेव्हा ती गोष्ट सहसा मेलेली नसते, मरणाच्या दारात असते. एवढेच नव्हे, तर तिला वाचवण्यासाठी कुणी तरी धावावे हाही लेखकाचा हेतू असतो. म्हणजे नाव ‘नेल’चे राहिले असले, तरी या लाक्षणिक वापरात वाजते ती १६०४ च्या नियमातील पहिली घंटा, मृत्यूच्या आधीची आणि जिवंतांना बोलावणारी प्रयाणघंटा.